गॅस आलाच तर

"काका, तुम्ही नका बंद करू. मी करते," मॅनेजर बाई म्हणाल्या.

जयराम भुवड बटणापाशी उभाच राहिला. "राहू द्या, मॅडम. पहिल्यांदा मीच सुरू केलं होतं."

तेव्हा संध्याकाळी विजेची मागणी वाढली की हेच वीजकेंद्र तासाभरात मदतीला धावायचं. पुढे गॅस महाग झाला, मग यायचाच थांबला. नऊ वर्षं इथे वीज झाली नाही. पण टरबाइनचा जड दांडा एका जागी पडून राहिला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून जयराम तो रोज हळूहळू फिरवायचा. गॅस आलाच तर मशीन तयार हवं. आता ते मशीन विकलं गेलं होतं.

त्याने बटण दाबलं. दांड्याची घरघर मंदावत थांबली. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. जयरामला रडूही आलं नाही.

घरी ओटीवर चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील बसले होते. याच केंद्रासाठी त्यांनी काजूची बाग दिली होती आणि बदल्यात मुलाला नोकरी मिळाली होती.

"अण्णा, मशीन विकलं. आज कायमचं बंद केलं."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे जागा मोकळी झाली! आता परत देतील रे आपल्याला. मिरगाला काजू लावू. तीन वर्षांत धरतो."

जागाही मशीनबरोबरच विकली गेली होती. जयराम त्यांच्या शेजारी टेकला.

"किती रोपं आणू, अण्णा?" त्याने विचारलं.