स्वस्तातला ॲम्प्लिफायर

प्राध्यापक गिरिधररावांच्या रेकॉर्ड प्लेअरचं औरादच्या त्या गल्लीला भारी कौतुक. संध्याकाळी तबकडी लागली की समोरचे आप्पाराव चार माणसं घेऊन कट्ट्यावर येऊन बसायचे. आवाज एवढा मोठा, की आत नवऱ्याचा मार खाणारी जयंती कितीही ओरडली तरी कट्ट्यावर गाणंच तेवढं पोचायचं.

एक दिवस ॲम्प्लिफायर जळाला. "बिदरला जा आन् स्वस्तातला बघून आण," म्हणत गिरिधररावांनी बायकोलाच धाडलं.

"अक्का, हा कामून घ्यायलाव?" दुकानदार म्हणाला. "स्वस्त हाय, पण ह्याचा आवाज खोलीच्या बाहेर जायचा न्हाई."

"म्हणून तर हाच द्या," जयंती सुजलेल्या ओठांनी म्हणाली.

त्या संध्याकाळी तबकडी फिरायला लागली आणि आत गिरिधररावांच्या कमरेचा पट्टा सुटला. जयंतीचं कपाळ भिंतीवर आदळलं, रक्त डोळ्यांत उतरलं. होता नव्हता तेवढा जीव एकवटून ती ओरडली, "आप्पाकाका, मारायलेत ओ! वाचवा!"

कट्ट्यावर पहिल्यांदाच सगळं स्वच्छ ऐकू गेलं. माणसं एकमेकांकडं बघत उठली आणि आपापल्या घरी गेली.

सकाळी दार वाजलं. जयंतीनं भिंतीला धरत धरत जाऊन कडी काढली. दारात आप्पाराव होते, मागं कट्ट्यावरची सगळी माणसं.



गणपती मंडळाचा मोठा ॲम्प्लिफायर त्यांनी उंबऱ्यात ठेवला. "सरांना म्हणावं बाई, हा लावा. काल गाणं नीट ऐकूच आलं न्हाई."