अर्धा वाटा
माहजोंगच्या सोंगट्या खेळता खेळता थानआजोबांची म्हातारी टेबलावरच कोसळली. तिच्या रक्तातली साखर तळाला गेली होती. "यांना मधुमेह आहे?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "छे, तो मला!" "मग कुठली गोळी घेतात?" "माझीच, अर्धी," आजोबा फुशारकीनं म्हणाले. "मुलीनं परदेशातून पाठवलेली महागाची गोळी! आमच्याकडे वाफवलेला पाव आला तरी अर्धा हिचा. औषध एकट्यानंच कसं खायचं?" "आजोबा, त्याच गोळीनं आज या गेल्या असत्या!" आजोबा चटकन तिच्या खाटेकडे वळले. जन्मभर जिला वाडग्यातला चांगला घास काढून दिला, तिला आपण विष भरवत होतो? तेवढ्यात सलाईन लावलेल्या आजीनं डोळे उघडले. तिनं सगळं ऐकलं होतं. "डॉक्टर," ती पुटपुटली, "यांनाही बळ यावं म्हणून माझी रक्तदाबाची अर्धी गोळी मी रोज यांच्या सोयादुधात विरघळवते." डॉक्टरीणबाईंनी शेजारी दुसरी खाट मागवली.