बर्फातली नळी

यंत्राच्या पडद्यावर आलेखात जिथे उंचवटा दिसायला हवा, तिथे सपाट मैदान होतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दुसऱ्यांदा तपासणी केली. तेच. दीड वर्षाच्या पोरीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर जंतूंशी लढायला लागणारं प्रथिन औषधालाही नव्हतं. जन्मतःच नसेल तर मज्जा बदलण्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टरांनी बापाला सांगून ठेवलेलं.

अहवालावर सही करायला बाईंचा हात धजेना. त्यांनी रक्ताची नळी उचलली. बोटांना गार लागली.

बाहेरच्या बाकावर बाप देव पाण्यात घालून बसला होता.

"नळी कशातून आणलीत?"

"बर्फातून, ताई. आइस्क्रीमची गाडी चालवतो मी. पार तळाशी ठेवली होती."

"बर्फ नको, अशी चिठ्ठी होती ना वर?"

"वाटलं, चुकून लिहिलंय. गार नाही ठेवलं तर नासणार नाही का?"

बाईंना राग आला आणि जीवही भांड्यात पडला, पण अर्धाच. "अहो, गारठ्याने पेशी बिथरतात. अंगावरची प्रथिनं आत ओढून घेतात, नाहीतर कापून टाकतात. पाल शेपूट टाकते ना, तसं."

त्यांनी पेशी वेगळ्या काढून नुसतं वरचं पाणी तपासलं. टाकलेलं प्रथिन त्यात सापडलं. तरी सही केली नाही.

"ताजं रक्त हवं. आत्ताच्या आत्ता."

तासाभरात तो पोरीला कडेवर घेऊन हजर झाला. "या खेपेला माल मूळ पॅकिंगमध्येच आणलाय, ताई." हसायला गेला, पण जमलं नाही.

सुई दिसताच पोरीने खुर्चीवर आकांत मांडला, लाथा झाडल्या. कोमट नळी तशीच यंत्राकडे गेली.

थोड्या वेळाने बाई दारात आल्या. "आहे! हवं तेवढं आहे, जागच्या जागी. सारखी आजारी का पडते ते डॉक्टर शोधतील. पण तो आजार नाही."

बाप पोरीला मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि तिच्या केसांत तोंड लपवून रडला. मग त्याचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. एक मोजा खुर्चीखाली पडला होता.

"हिनेही टाकलाच की!"

त्याने मोजा उचलला, पण तो घालायचं विसरून उघडं पाऊल कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवलं.