न विस्कटलेली रांगोळी

जयनगरच्या घरात डीडीटीच्या भुकटीचा डबा आला आणि सुशीलाबाईंच्या अंगात वारंच शिरलं. फडताळ, पलंगाच्या फटी, उंबरा, अंगणाच्या कडा, काही म्हणून सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ना झुरळ, ना ढेकूण, मुंगी तर औषधालाही नाही! संध्याकाळी त्या सासूबाईंना हाताला धरून दारात घेऊन आल्या.

"अक्का, बघा तरी! रोज दुपारपर्यंत मुंग्या सगळं पीठ नेतात. आज सकाळची रांगोळी अजून जशीच्या तशी!"

दारात तांदळाच्या पिठाचीच रांगोळी हवी, हा अक्कांचा हट्ट. त्या वाकल्या, एका रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"सरी, बरं ग. मग आज आपल्या दारी जेवलं कोण?"