पहिला नंबर

शाळेच्या अंगणातल्या सीसॉच्या एका टोकाला सात विटा सुतळीने बांधलेल्या होत्या. टिंकूच्या वजनाएवढ्या. दिवाळीनंतर टिंकूच्या बापाने त्याला पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडलं, तेव्हा तिसरीतल्या गुंजनने एकेक वीट चढवत वजन जुळवलं होतं. फळी आता बरोबर आडवी राहायची. पण विटा जमिनीला पाय रेटत नाहीत. गुंजन दुसऱ्या टोकावर बसायची आणि तशीच बसून राहायची.

शाळेच्या शिक्षिका पुष्पांजलीबाईंनी तिकडची नजर काढून घेतली. व्हरांड्यात केंद्रप्रमुख हेमेंद्र सर सत्काराच्या शालीची घडी उलगडत होते. केंद्रातल्या सगळ्या सरकारी शाळांची वाचन-गणिताची चाचणी झाली होती आणि ही शाळा पहिली आली होती. शंभर टक्के. शेजारच्या दवनीवाड्याची मोठी शाळा बरीच खाली होती.

टक्केवारीत मुलं किती ते दिसत नाही. टिंकू गेल्यापासून या शाळेत एकटी गुंजन होती.

केशोराव बोलायला उभे राहिले. शाळेची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली, तलावाच्या पाळीला लागून. “आमच्या गावची शाळा हाये सायेब. जिल्ह्यात नाव काढलं तिनं. कोनी बंद करतो म्हनलं तर आमी आडवे पडू!”

“तुमचा नातू कोठं शिकते जी?” खिचडी शिजवणाऱ्या जमुनाबाईने चुलीपासूनच विचारलं.

लोक हसले. केशोरावही हसले आणि खाली बसले. त्यांचा नातू टिंकूच्याच गाडीत जात होता.

पुष्पांजलीबाई हसल्या नाहीत. मागच्याच आठवड्यात त्या घरोघर फिरून आल्या होत्या. प्रत्येक घरी चहा मिळाला, जूनसाठी मूल एकाही घरातून मिळालं नाही. “मॅडम, तुमी शिकवता चांगलं, त्यात वाद नाही,” टिंकूचा बाप म्हणाला होता, “पर इंग्लिश के बिना आगे क्या होगा?”

राहिली गंगा, गुंजनची आई. गाडीचं भाडं तिला झेपणारं नव्हतं. दिवाळीपासून ती सारखं एकच विचारत होती. “बाई, पोरीले दवनीवाड्याच्या शाळेत टाकू का? मोठ्या पोरी सायकलनं जातेतच तिकडं, त्यायच्या संगं जाईल. तुमी म्हनान तसं.” आणि बाई दर वेळी म्हणत, “थांबा थोडं. पोरं परत येतील.” गुंजन गेली की कुलूप लागणार, जमुनाबाईची चूल विझणार. आणि एकदा लागलेलं कुलूप कोणी काढत नाही, हे त्यांनी आजूबाजूच्या गावांत पाहिलं होतं.

दवनीवाड्याची शाळाही त्यांनी पाहिली होती. प्रशिक्षणाला गेल्या होत्या तेव्हा. वर्गात कलकल होती. एक मुलगी दुसरीला हातच्याची वजाबाकी समजावत होती, साफ चुकीची. तिसरी मध्येच ओरडली, “अवो, तसं नाई!” मग तिघी पाटीवर तुटून पडल्या. पुष्पांजलीबाई दारातच थांबल्या होत्या. गुंजनची वजाबाकी कधीच चुकत नसे. अलीकडे तिचा आवाजही फारसा निघत नसे. हजेरीला ती नुसते ओठ हलवायची.

“चला, आपल्या हुशार विद्यार्थिनीला बोलावू,” हेमेंद्र सर म्हणाले.

गुंजन सीसॉवरून उतरली. विटांचं टोक धप्पकन खाली आदळलं. ती येऊन सरांपुढे उभी राहिली.

“काय गं, वर्गात पहिला नंबर कोणाचा?”

“माझा.”

“शाब्बास! आणि शेवटचा?”

गुंजनने जरा विचार केला. “माझाच.”

पुन्हा हशा झाला. या वेळी सगळ्यांत मोठ्याने. सरांनी डोळे पुसले. “वा! फार हजरजबाबी आहे पोरगी.”

गुंजन मात्र हसली नव्हती. तिने विनोद केलाच नव्हता. विचारलेल्याचं तिने बरोबर उत्तर दिलं होतं, नेहमीसारखं. हसणाऱ्या तोंडांकडे ती आळीपाळीने पाहत होती. इतके आवाज एकदम ऐकायची तिला सवय राहिली नव्हती. मग तिने हळूच मागे सरून बाईंच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

“बाई,” ती अगदी हळू म्हणाली, “माझं चुकलं का?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “तुझं नाही.”

सरांनी शाल पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. त्यांनी जमुनाबाईकडे पाहिलं. जमुनाबाईचा डाव पातेल्यातच थांबला होता. मग जमुनाबाईने मान खाली घातली आणि खिचडी ढवळायला लागली, करपलेली नसतानाही.

लोकांच्या मागे भिंतीला टेकून गंगा उभी होती. धुणं टाकून तशीच आलेली, ओल्या हातांची.

“गंगाबाई,” पुष्पांजलीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “उद्यापासून गुंजनला दवनीवाड्याला पाठवा.”