पोम्पिलिउची किटली

"यात कला कुठाय?" कॉम्रेड ड्रागोमिर यांनी विचारलं.

"शेवटून बघत यायचं असतं, कॉम्रेड. तुम्ही पुढून घुसलात," स्मारांदा म्हणाली.

संस्कृतिभवनाच्या दालनात तिनं चौदा वस्तू एकामागोमाग एक मांडल्या होत्या. जाळीच्या पिशव्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आत दगड घातलेल्या. सगळ्यात शेवटी एक निळं स्टूल. रिकामी बरणी. बरणीच्या पुढं पोचे आलेली दुधाची किटली. सगळ्यात पुढं प्लायवूडची खिडकी होती आणि ती बंद होती. गावातल्या कुठल्याही दुकानासमोर पहाटे हेच दिसायचं: माणसं अंथरुणात आणि त्यांच्या वस्तू रांगेत. फरक इतकाच, की इथं वस्तूंच्या डोक्यावर छप्पर होतं.

"खिडकीत काय मिळतं?"

"उघडली की कळेल."

ड्रागोमिर जिल्ह्याचे कलानिरीक्षक होते. प्रदर्शन अकराला उघडायचं होतं आणि अकराला वीस मिनिटं होती. तसे ते दुष्ट नव्हते, मार्ग काढणारे होते. त्यांनी बॅगेतून एक कोरं कार्ड काढून स्मारांदापुढं धरलं.

"यावर लिहा, 'भांडवलशाहीतली रांग, १९३३'. मी सही करतो, तुम्ही दार उघडा. नाहीतर हे सगळं तळघरात आणि तुमचं नाव कलावंत संघाच्या यादीतून बाहेर."

यादीतून नाव जाणं म्हणजे स्टुडिओ जाणं, त्यातली शेगडी जाणं, रंगांचं कूपन जाणं. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उरणार ते शाळेतले चित्रकलेचे तास आणि रंगीत खडू, तेही बहुतेक पांढरेच.

"बरणीच्या झाकणावर सत्त्याऐंशी साल छापलंय," ती म्हणाली.

"झाकण काढा."

तिनं पेनाचं टोपण काढलं. लिहिलंही असतं. शेगडी चांगली होती. पण तेवढ्यात तिची नजर किटलीवर गेली. किटलीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: पोम्पिलिउ, खोली ९. दूधकेंद्राच्या रांगेतून तिनं ती मागून आणली होती. रांगेनं दिली, पण अट घालून: पोम्पिलिउचा नंबर जाता कामा नये. म्हणून प्रदर्शन संपेपर्यंत तिकडं किटलीच्या जागी स्मारांदाची टोपी बसली होती.

तिनं टोपण परत लावलं.

"नाही लिहीत."

"विचार करा, बाई."

"केला."

ड्रागोमिर यांनी शिपायाला हाक मारली. तोआदेरकाका आले, वस्तूंकडं बघून त्यांनी टोपी काढली.

"हे सगळं तळघरात ठेवा."

"कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. कलाकृती आहे ती!"

"कुणाचं नाही कसं? रांगेत आहे ना." तोआदेरकाका जागचे हलले नाहीत. "साहेब, चित्रं उचलीन. पुतळे उचलीन, आजवर कितीतरी उचललेत. पण रांगेतली वस्तू नाही उचलायचा. उद्या पहाटे मला त्याच लोकांत उभं राहायचंय. तुमचं दूध घरी येत असेल."

ड्रागोमिर यांचे कान लाल झाले. ते स्वतः पुढं झाले आणि त्यांनी किटली उचलली.

दाराच्या काचेला मघापासून दोन-तीन नाकं चिकटलेली होती. आता दार ढकलून गोधडीसारखा कोट घातलेली एक बाई आत आली. कुठं आलो, कशासाठी आलो, असलं काही तिनं विचारलं नाही.

"शेवटचं कोण?"

"ते निळं स्टूल," स्मारांदा म्हणाली.

बाईनं स्टुलामागं आपली पिशवी ठेवली. मग तिचं लक्ष पुढं गेलं.

"ओ! ठेवा ती! पोम्पिलिउची आहे ती किटली!"

"कुठाय तुमचा पोम्पिलिउ?" ड्रागोमिर कडाडले. "बोलवा त्याला! इथं, माझ्यासमोर!"

"तो वारला की मार्चमध्ये."

"मग?"

"मग काय? वारला म्हणून नंबर गेला होय त्याचा?"

तोवर बाईच्या मागं आणखी पाच-सहा जण येऊन उभे राहिले होते. सगळे ड्रागोमिर यांच्या हाताकडं बघत होते. त्यांनी किटली खाली ठेवली.

"तिथं नाही. बरणीच्या पुढं," बाई म्हणाली.

त्यांनी ती बरणीच्या पुढं ठेवली. मग कंबर सरळ केली, खिशातून वही काढली, स्मारांदाचं नाव शोधलं आणि सगळ्यांना दिसेल अशी त्यावर आडवी रेघ मारली. दोनदा मारली.

स्मारांदानं कार्ड घेतलं. त्यावर आजची तारीख लिहिली, साल ठळक केलं आणि कार्ड बंद खिडकीला टेकवून उभं केलं.

अकरा वाजले. तोआदेरकाकांनी दाराची दोन्ही कवाडं उघडली. रांग केव्हाच दाराबाहेर, पायऱ्यांवर गेली होती. ड्रागोमिर यांना तिच्या कडेकडेनं उतरावं लागलं.

"काय देतायत, कॉम्रेड?" पहिल्याच पायरीवर कुणीतरी विचारलं.

"काही नाही."

"संपलं?"

"काही नाही, म्हटलं ना!"

"बॅग बघा केवढी फुगलीय," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि म्हणे काही नाही."

प्रत्येक पायरीवर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. शेवटच्या पायरीशी त्यांचा तोल सुटला. ते वळले आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, काही नाही! इथं काहीसुद्धा मिळत नाही!"

इतक्या वर्षांत लोकांनी हे एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. रांगेतून कुणी हललं नाही. आत, कोटवाल्या बाईनं पोम्पिलिउची किटली एक फरशी पुढं सरकवली.