पाचवं शील

सूर्यभानने पेटती मेणबत्ती भाऊसाहेबांच्या हातात दिली आणि सगळा मांडव त्या हाताकडे बघत राहिला. हात हलला नाही. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढच्या मेणबत्त्या भाऊसाहेबांनी सावकाश लावल्या.

सूर्यभानच्या पोरीचं लग्न होतं, आणि बुद्धवंदना भाऊसाहेबच घेणार हे त्यानंच ठरवलं होतं. पूर्वी श्रीरामपूरच्या आसपास कुठंही कार्य असो, वंदना त्यांचीच. मग त्यांचा उजवा हात कापू लागला. दारू पिणार नाही असं पाचवं शील लोकांकडून म्हणवून घेणाऱ्याचाच हात थरथरतो म्हटल्यावर गावाला आणखी काय हवं? भाऊसाहेबांना दारू कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. पण सूर्यभान पडला पंचकमिटीचा अध्यक्ष. त्यानं भर कार्यक्रमात त्यांच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली आणि म्हणाला, "आधी तुमी सोडा, मग लोकान्ला सांगा."

तो कंपवात होता. पोरानं मुंबईला नेलं तेव्हा कळलं. डॉक्टरांनी मेंदूत तार बसवली, छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवली, आणि हात थांबला. आजार मात्र आत चालूच राहील, असंही ते म्हणाले होते. ते गावात कुणी विचारलं नाही. खरं कळल्यापासून सूर्यभान लाजेनं त्यांच्या गल्लीतून जात नव्हता. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून त्यानं पोरीच्या लग्नाची वंदना देऊ केली. सांगायला गेला तेव्हा भाऊसाहेबांनी नुसती मान हलवली. जे काय बोलायचं ते त्यांची बायको भिमाबाईच बोलली.

आता लोकांनी हात जोडले. भाऊसाहेबांचे ओठ हलू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, माइक चालू करा. माइक चालूच होता. कुणाच्या मागं काय म्हणायचं ते कळेना, तशी नवरानवरी एकमेकांकडे बघू लागली.

भिमाबाई पुढं आली. ऑपरेशन झाल्यापासून आवाज खाली खालीच चाललाय, असं तिनं सूर्यभानला हळूच सांगितलं. अगदी जवळ कान नेला तर समजतं. तुम्ही ऐका आणि मोठ्यानं म्हणा. सूर्यभानला बरंच वाटलं. जवळ गेल्यावर माफीही कानातल्या कानात मागता येणार होती. तो वाकला.

भाऊसाहेब म्हणायचे थांबले. त्यांनी निमूट तोंड उघडलं, चांगलं मोठं, आणि सूर्यभानच्या तोंडावर लांब श्वास सोडला.

सगळा मांडव बघत होता. सूर्यभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तवाची सवय हाय ती, भावजी," भिमाबाई म्हणाली. "कुनी जवळ आलं का वास घ्यायलाच आलं, असं वाटतं त्यांना."